दिव्याची हांक

घर हें जसें भिंतींचें असतें, तसेंच तें आवाजांचेंहि असतें. पहाटे गजर होतो आणि घर जागें होतें. दारावर थाप पडते आणि दूधवाला आल्याचें कळतें. स्वयंपाकघरांतून कुकरची शिटी येते, नळाखालीं बादली भरून वाहूं लागते, पाळण्यांतील मूल कुरकुरतें, आणि यांतील प्रत्येक आवाजासरशीं घरांतील कोणी ना कोणी, हातांतलें काम न सोडतां, काय झालें व आतां काय करावयाचें हें ओळखून घेतें. या आवाजांकडे आपण लक्ष देतों असें म्हणवत नाहीं. लक्ष न देतांच आपलें काम भागतें, हीच त्यांची थोरवी. डोळा जेथें वळवावा तेवढेंच पाहतो, आणि झोंपेंत तर तो मिटलेलाच असतो. कानाला मात्र पापणी नाहीं. तो पाठीमागचें ऐकतो, भिंतीपलीकडचें ऐकतो, आणि धनी निजला असतांहि पहारा करतो.

ज्या घरांतून हा पहारेकरी उठून गेला, किंवा ज्या घरीं तो आरंभापासून आलाच नाहीं, तेथील संसार कसा चालतो, आणि तो सोंपा करण्यासाठीं आज कोणतीं साधनें मिळतात, याचा विचार आम्हीं या लेखांत योजिला आहे. बहिरेपणा म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम संभाषण येतें. आजोबांशीं मोठ्यानें बोलावें लागतें, कीर्तनांत बुवांचें निरूपण त्यांस लागत नाहीं, सुनेनें एक विचारलें तर सासूबाई दुसरेंच उत्तर देतात, आणि मग हंशा पिकतो. परंतु माणसाचें बोलणें ऐकूं न येणें ही एक अडचण, आणि घर ऐकूं न येणें ही दुसरी. पहिलीवर श्रवणयंत्र, खुणांची भाषा, ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याची कला, असे उपाय आहेत. दुसरीकडे मात्र सुशिक्षित कुटुंबांचेंहि लक्ष क्वचितच जातें. तिच्यासाठीं जीं साधनें निघालीं आहेत त्यांस आपण सूचना-साधनें म्हणूं. त्यांचें काम ऐकविणें हें नव्हे, कळविणें हें आहे. दार वाजलें, मूल रडलें, सकाळ झाली, धूर झाला, एवढी वार्ता कानाची वाट सोडून दुसऱ्या कोणत्या तरी वाटेनें माणसापर्यंत पोंचविणें, हा त्यांचा सारा धर्म.

"आमच्या घरांत कोणी बहिरें नाहीं, तेव्हां आम्हांस याचें काय?" असें म्हणून पान उलटूं पाहणाऱ्या वाचकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं श्रवणाविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें जगांतील सुमारें १५० कोटि माणसांचें ऐकणें कमीअधिक प्रमाणांत उणावलेलें आहे, आणि त्यांपैकीं सुमारें ४३ कोटि माणसांस त्यासाठीं उपचाराची किंवा साधनांची गरज आहे. साठी उलटलेल्या माणसांत तर दर चारांत एकाहून अधिकांस हा त्रास जाणवण्याइतका असतो. आपल्या देशांत २०११ च्या जनगणनेंत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाखांवर गेली. हा आकडा घरोघर विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरांवरून आलेला आहे. आणि "जरा स्पष्ट बोलत जा रे" असें नातवाला दटावणारे आजोबा त्या प्रश्नाला काय उत्तर देत असतील, हें सांगावयास नकोच. वार्धक्य ज्या घरीं यावयाचें आहे, म्हणजे प्रत्येक घरीं, हा विषय आज ना उद्यां यावयाचाच.

वार्धक्यांतील बहिरेपणाचा एक स्वभाव येथें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तो सर्व स्वरांवर सारखा पडत नाहीं. उंच स्वर प्रथम जातात, खालचे मागाहून. स, श, फ यांसारखीं व्यंजनें उंच कंपनांचीं असल्यामुळें तीं आधीं पुसट होतात आणि स्वर तेवढे ऐकूं येत राहतात. म्हणूनच वृद्ध माणसें "ऐकूं येतें, पण समजत नाहीं" अशी तक्रार करतात, आणि ती अगदीं खरी असते. याच कारणानें घरांतील पुष्कळशा सूचना त्यांस मुकतात. कारण फोनची किणकिण, घड्याळाची टिकटिक-वजा शीळ, यंत्रांचे बारीक इशारे, हे बहुतेक उंच स्वरांतच योजिलेले असतात.

श्रवणयंत्र घेतलें म्हणजे प्रश्न सुटला, असा अनेकांचा समज आहे. दिवसापुरता तो पुष्कळ अंशीं सुटतोहि. परंतु रात्रीं निजतांना श्रवणयंत्र काढून डबींत ठेवावयाचें असतें. कानाच्या आंत शस्त्रक्रियेनें बसविलेलें जें कॉक्लियर इम्प्लांट, त्याचाहि बाहेरचा भाग झोंपतांना बहुधा उतरवूनच ठेवतात. म्हणजे दिवसा ज्यास बऱ्यापैकीं ऐकूं येतें, तो मनुष्य रात्रीं दहापासून पहाटे सहापर्यंत पूर्ण किंवा पुष्कळ अंशीं बहिरा असतो. संकटाची सूचना सर्वांत अधिक जरुरीची ज्या वेळीं, त्याच वेळीं त्याचा कान खुंटीवर टांगलेला असतो. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती कोणाच्या ध्यानींच येत नाहीं.

कानावांचून वार्ता मिळविण्याची खटपट विजेच्याहि आधींची आहे. पाश्चात्य देशांतील बधिर कुटुंबांत दाराबाहेरची दोरी ओढली कीं आंत एक जड वजन जमिनीवर पडेल अशी योजना करीत. वजन आदळलें म्हणजे लांकडी जमीन हादरे, आणि तो हादरा पायांना कळे. बधिर आया रात्रीं तान्ह्या मुलाच्या अंगाला दोरीचें एक टोंक बांधीत आणि दुसरें आपल्या हाताला. मूल हाललें कीं आई जागी होई. या युक्त्या ओबडधोबड खऱ्या, पण त्यांत आजच्या साऱ्या साधनांचें तत्त्व आलेलें आहे. कान नसला तर डोळा आहे, त्वचा आहे. वार्तेला दुसरी वाट दाखविली म्हणजे झालें.

विजेचें युग आलें तेव्हां प्रथम या लोकांची अडचण वाढलीच, हें नवल वाटण्यासारखें आहे. १८७६ सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं टेलिफोनचें पेटंट घेतलें. बेल यांच्या आईस फार कमी ऐकूं येई. त्यांची पत्नी मेबल ही पांच वर्षांची असतां तापाच्या दुखण्यानें पूर्ण बहिरी झालेली होती. आणि ते स्वतः बधिर मुलांचे शिक्षक होते. तरी त्यांचें हें यंत्र त्यांच्याच घरांतील या दोघींच्या उपयोगाचें नव्हतें! पुढें जवळजवळ नव्वद वर्षें टेलिफोन बधिरांना मुकाच राहिला. अखेर १९६४ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट वाइटब्रेख्ट या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें दोन टंकयंत्रें टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशीं बोलतील अशी जोडणी तयार केली. वाइटब्रेख्ट हे स्वतः बधिर होते. परंतु फोन आला आहे हें कळावें कसें? त्यासाठीं घंटेच्या जागीं दिवा लुकलुकूं लागला. ही दिव्याची हांक मग दारावर आली, पाळण्याशीं आली, आणि आज तिचें एक कुटुंबच झालें आहे.

या कुटुंबाची रचना थोडक्यांत अशी. जेथें आवाज व्हावयाचा तेथें एक लहान प्रेषक बसवितात. दाराशीं तो कळ दाबतांच जागा होतो. पाळण्यापाशीं तो मुलाच्या रडण्याकडे कान लावून असतो. छताला लावलेला धुराचा वास घेत असतो. वार्ता मिळतांच तो बिनतारी लहरींनीं ती ग्राहकाकडे धाडतो, आणि ग्राहक घरांत जेथें माणूस असेल तेथें दिवा उघडझांप करतो. दारासाठीं एक रंग, मुलासाठीं दुसरा, अशी योजना असली म्हणजे उठून कोणीकडे जावयाचें हेंहि कळतें. स्थिर दिव्यापेक्षां लुकलुकणारा दिवा डोळ्याच्या कोपऱ्यालाहि चटकन् जाणवतो, म्हणून उघडझांप हवी; मात्र ती फार जलद असूं नये, कारण कांहीं व्यक्तींस तशा प्रकाशानें अपस्माराचा झटका येण्याचा संभव असतो. अमेरिकेंतील अग्निसूचनेच्या नियमांत ही गति सेकंदास एक ते दोन वेळा इतकीच ठेवलेली आहे.

दुसरी वाट त्वचेची. उशीखालीं किंवा गादीखालीं ठेवावयाची एक चपटी डबी मिळते. तिच्या आंत एका लहान मोटरीला एका बाजूस जड केलेलें चाक असतें. मोटर फिरूं लागली कीं चाकाच्या असमतोलानें डबी थरथरते, व तिच्याबरोबर अंथरूणहि. गजराचें घड्याळ, दारघंटा, धुराची सूचना, सर्व या डबीस जोडतां येतात. हें कांहीं अद्भुत आहे असें मानूं नये. सभेंत किंवा मैफलींत बसतांना आपण आपला फोन मुका करून खिशांत ठेवतों आणि तो थरथरला कीं चटकन् बाहेर येतों. त्या घटकेपुरते आपणहि याच साधनाचे आश्रित असतों. ज्या सोयीचा आपणांस शिष्टाचारासाठीं उपयोग, तिच्यावरच दुसऱ्या कोणाचें सारें दैनंदिन जीवन उभें आहे, एवढाच काय तो फरक.

आतां यांपैकीं कोणतें साधन केव्हां वापरावें, याचें उत्तर अनुमानानें देऊन चालत नाहीं. कारण चुकीच्या उत्तराची किंमत फार मोठी आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डोरोथी ब्रुक व इयन थॉमस या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कमी ऐकूं येणाऱ्या माणसांस गाढ झोंपेंतून कोणती सूचना जागें करते हें पाहिलें. त्यांची श्रवणयंत्रें अर्थातच काढून ठेविलेलीं होतीं. दिव्याच्या झगमगाटानें, तो कमी प्रखरतेचा असतां, शंभरांत केवळ २७ माणसें जागीं झालीं. बाजारांत मिळणाऱ्या धुराच्या घंटेचा जो नेहमींचा कर्कश स्वर, सेकंदास सुमारें ३१०० कंपनांचा, त्यानें निम्म्यांहून थोडीं अधिक. थरथरणाऱ्या गादीनें किंवा उशीनें ८० च्या वर. आणि सेकंदास ५२० कंपनांचा, अनेक उपस्वरांनीं भरलेला असा एक जाड स्वर काढला तेव्हां ९२ माणसें जागीं झालीं.

संगीताची ओळख असलेल्या वाचकांस हा भेद चटकन् उमगेल. ५२० कंपनें म्हणजे पेटीवरील पांढरी एकच्या तार षड्जाच्या अगदीं शेजारची जागा. नेहमींची घंटा त्याहून अडीच सप्तकें वर किंचाळत असते, आणि वृद्धांचा कान नेमका तेथेंच बंद झालेला असतो. म्हणजे ज्यांना वांचवावयाचें त्यांनाच ऐकूं येऊं नये, अशा स्वरांत आपण आजवर घंटा वाजवीत आलों! अमेरिकेंतील नियमांनीं २०१४ पासून हॉटेलें व तत्सम नव्या इमारतींतील निजण्याच्या खोल्यांसाठीं हा खालचा स्वर आवश्यक केला. या प्रयोगांतून घरगुती व्यवहारासाठीं निघणारा बोध सरळ आहे. दिवा हा जाग्या माणसाचा सोबती. निजलेल्याची पापणी मिटलेली असते, कूस वळलेली असते, डोक्यावरून पांघरूण असतें. रात्रींचें काम त्वचेकडे सोंपवावें, आणि थोडाबहुत कान शिल्लक असेल तर त्याला खालच्या स्वराची जोड द्यावी. जो पूर्ण बहिरा आहे त्याला मात्र गादीखालच्या थरथरीवांचून गत्यंतर नाहीं.

डोळा आणि त्वचा यांशिवाय आणखी एक वाट आहे, आणि ती आपल्या गृहिणींस अपरिचित नाहीं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो गळूं लागला तर कळावा म्हणून त्यांत एथिल मरकॅप्टन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. ही नाकाची घंटाच होय, आणि ती बहिऱ्यालाहि ऐकणाऱ्याइतकीच मिळते. परंतु निजलेल्या माणसाला वासानें सहसा जाग येत नाहीं. जपानांतील संशोधकांनीं यावर तोड काढली ती वासाबीची. तेथील लोक माशाबरोबर जी हिरवी तिखट चटणी खातात तिचें तिखटपण ज्या द्रव्याचें, तें आपल्या मोहरींतहि आहे. मोहरी फेसतांना नाकांत जो झणका जातो तो त्याचाच. हा नुसता वास नव्हे. तो नाकाच्या आंतील वेदनेच्या तंतूंना डिवचतो, आणि वेदना निजलेल्यालाहि उठविते. धूर होतांच हें द्रव्य हवेंत फवारणारी सूचना त्यांनीं तयार केली. प्रयोगांतील १४ जणांपैकीं १३ जण दोन मिनिटांच्या आंत जागे झाले. उरलेल्या एकाचें नाक चोंदलेलें होतें, असें प्रसिद्ध झालें आहे. या शोधाला २०११ सालीं इग नोबेल हें, आधीं हंसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या शोधांना मिळणारें, पारितोषिक मिळालें. फोडणीच्या ठसक्यानें ज्यांचें सारें घर खोकत उठतें, त्यांनीं तरी या कल्पनेस नुसतें हंसूं नये.

इंग्लंडांत या कामीं कुत्र्याचेंहि साहाय्य घेतात. बधिरांसाठीं कुत्रीं शिकवून तयार करणारी एक संस्था तेथें १९८२ पासून चालू आहे. हें कुत्रें आवाज ऐकून भुंकत नाहीं, कारण भुंकण्याचा उपयोग काय? तें धन्याला नाकानें किंवा पंजानें स्पर्श करतें आणि जेथून आवाज आला तेथें घेऊन जातें. आगीची घंटा झाली असेल तर मात्र तें त्याला घंटेकडे नेत नाहीं. स्पर्श करून तेथेंच जमिनीवर पडून राहतें, म्हणजे धोका आहे हें धनी ओळखतो. यंत्राला जो विवेक शिकवावा लागतो, तो येथें मुक्या प्राण्याला शिकविलेला पाहून कौतुक वाटतें.

अलीकडे मात्र सर्वांत मोठा पालट केला आहे तो हातांतील फोननें. २०२० सालीं ॲपल व गूगल या दोन्ही कंपन्यांनीं आपापल्या फोनमध्यें भोंवतालचे आवाज ओळखण्याची सोय आणली. दारघंटा, मुलाचें रडणें, कुत्र्याचें भुंकणें, वाहतें पाणी, धुराची घंटा, यांपैकीं कांहीं ऐकूं येतांच फोन थरथरतो आणि काय ऐकलें तें अक्षरांत लिहून दाखवितो. मनगटावर तसें घड्याळ असेल तर तेंहि मनगटाला टोंचून सांगतें. ॲपलच्या फोनमध्यें २०२२ पासून आपल्या घरची विशिष्ट घंटा किंवा एखाद्या यंत्राचा विशिष्ट नाद शिकविण्याचीहि सोय झाली. ज्या वस्तूसाठीं पूर्वीं स्वतंत्र यंत्र मागवावें लागे, ती आज पुष्कळांच्या खिशांत आधींच आहे, आणि घरांतील एखाद्या कॉलेजांत जाणाऱ्या नातीनें पांच मिनिटें खर्च केलीं तर ती चालूं होते.

तथापि या सोयीवर जिवाचा भार टाकूं नये. संकटाच्या प्रसंगीं हिच्यावर विसंबून राहूं नका, असा इशारा ॲपलनेंच दिलेला आहे. फोन दुसऱ्या खोलींत राहिला तर तो कांहीं ऐकत नाहीं. मनगटावरचें घड्याळ पुष्कळ लोक रात्रींच वीज भरण्यासाठीं काढून ठेवतात, म्हणजे त्याचीहि गत श्रवणयंत्रासारखीच होते. घरच्या विजेवर चालणारा दिवा वीज गेली कीं मुका होतो. म्हणून जेथें जिवाशीं गांठ आहे तेथें साधन स्वतंत्र असावें, त्यांत बॅटरीची जोड असावी, आणि महिन्यांतून एकदां तें चालतें कीं नाहीं हें पाहण्याचा नेम असावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "परदेशांत माणसें एकटीं राहतात, त्यांना हीं यंत्रें हवींतच. आमच्याकडे भरलें घर आहे. दार वाजलें तर सून आहे, गजर झाला तर मुलगा आहे. यंत्र कशाला?" हा आक्षेप वरवर पाहतां प्रेमाचा आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका घरीं निवृत्त झालेले एक शिक्षक आहेत. घर भरलेलें, मुलें कर्तीं, सुना मायाळू. परंतु मुलें व सुना नोकरीवर, नातवंडें शाळेंत. दहा ते पांच घरांत ते एकटेच. एकदां गॅसची टाकी घेऊन आलेला मनुष्य दार वाजवून परत गेला. त्यांस कोणी रागें भरलें नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीं दहा वाजल्यापासून दाराकडे तोंड करून खुर्ची टाकून बसूं लागले. आंत जाऊन पडावें तर कोणी यावयाचें; वाचावयास घ्यावें तर डोळा पानांत गुंतावयाचा. दुपारची झोंप गेली, वाचन गेलें, आणि ही गोष्ट घरांतील कोणासहि पुष्कळ दिवस कळली नाहीं, कारण संध्याकाळीं सर्व परतत तेव्हां खुर्ची पुन्हां जागेवर गेलेली असे.

उपाय अगदीं लहान होता. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या दारघंटा बहुतेक सरळ घरच्या विजेवरच चालतात. घरीं आलेल्या वायरमननें घंटेच्या जोडणीशीं समांतर एक तार ओढून त्यांच्या खोलींत व मागच्या सोप्यांत एकेक दिवा बसविला. बाहेर कळ दाबली कीं घंटाहि वाजते आणि दिवेहि लागतात. दाराशीं एक चिठ्ठी डकविली, "कळ तीन-चार वेळां दाबावी", म्हणजे दिवा लुकलुकावा. खर्च दोन दिव्यांचा, थोड्या तारेचा आणि कारागिराच्या घटकाभराच्या मजुरीचा. हें काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें. घरच्या विजेशीं हौशी हातांनीं खेळूं नये. गुरुजी आतां दुपारीं आंतल्या खोलींत आरामखुर्चीवर वाचीत पडतात.

आम्हांस सांगावयाचें तें हेंच. भरलें घर बहिऱ्या माणसाला कान उसने देतें, परंतु उसना कान देणारा जवळ असेल तोंवरच तो चालतो. आणि जवळ असला तरी प्रत्येक वार्ता दुसऱ्याच्या सोयीनें मिळते. दार कोणी उघडलें, कोण येऊन गेलें, घरांत काय चाललें आहे, हें सर्व सर्वांच्या मागून कळावें, यांत मनुष्य हळूहळू आपल्याच घरचा पाहुणा होतो. तरुण बधिर आईची स्थिति तर याहून नाजूक. रात्रीं मूल रडलें तर तिला कळणार नाहीं म्हणून सासूबाई मायेनें मुलाला आपल्या खोलींत निजवितात. माया खरी, पण मूल भुकेनें उठतें तेव्हां त्याला प्रथम भेटणारा चेहरा आईचा असावा, ही तिची इच्छाहि तितकीच खरी. पाळण्यापाशीं एक प्रेषक आणि तिच्या उशीखालीं एक डबी, एवढ्यानें तिचें मूल तिच्यापाशीं राहतें. सासूबाईंची मदत मग तिला हवी असेल तेव्हां आहेच.

यंत्रांवांचूनहि घरानें करावयाच्या कांहीं गोष्टी आहेत. बहिऱ्या माणसाच्या खोलींत पाठीमागून जाऊन एकदम खांद्यावर हात ठेवूं नये. दचकून वृद्ध माणूस पडण्याचें भय असतें. दाराशींचें दिव्याचें बटण दोनदां खालींवर करावें, किंवा दुरून दृष्टीच्या टप्प्यांत येऊन हात हालवावा. त्यांची बसण्याची जागा अशी असावी कीं पाठ भिंतीकडे आणि दृष्टि दाराकडे राहील. मात्र ती पहाऱ्यासाठीं नव्हे, येणारें-जाणारें आपलें माणूस दिसावें म्हणून. उंच इमारतींत राहणाऱ्यांनीं आगीची घंटा जिन्यांत वाजते कीं घरांत, याची चौकशी करावी, आपल्या घरीं कमी ऐकूं येणारें माणूस कोणत्या खोलींत निजतें हें शेजारीं व पहारेकऱ्यास सांगून ठेवावें, आणि सोसायटीच्या सभेंत जिन्यावर घंटेसोबत दिव्याचीहि मागणी करावी. आणि या सर्वांच्या आधीं कान तपासून घ्यावे. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठीं आहे. इतर शहरांतूनहि श्रवणतज्ज्ञ आहेत. कोणते स्वर गेले आणि कोणते उरले हें कळल्यावांचून साधन निवडणें म्हणजे माप न घेतां अंगरखा शिवणें होय.

साधनांची यादी लांब आहे, आणि तीं सर्व एकदम घरांत आणण्याची कांहीं जरूर नाहीं. घरांतील ज्या वडील माणसाला ऐकूं येत नाहीं त्याच्यासमोर बसावें, आपलें तोंड उजेडांत ठेवावें, आणि सावकाश एकच प्रश्न विचारावा: दिवसाभरांत कोणता आवाज हुकला म्हणजे तुम्हांस सर्वांत अधिक चुटपुट लागते? उत्तर दारघंटेचें असेल, पहाटेच्या गजराचें असेल, किंवा दूध उतूं गेल्याचें असेल. बहुधा तें आपण मनांत धरलें होतें त्याहून निराळें असेल. जें उत्तर येईल, त्यापासूनच आरंभ करावा.